कडेवरचं बाळ

बोईसरजवळच्या वीटभट्टीवर बालवाडी सुरू होणार होती. तिथल्याच नव्या खोलीत दीपाली शिक्षिकेच्या मुलाखतीला बसली होती. बालशिक्षणाची पदविका होती, नोकरीचा अनुभव नव्हता.

"समजा," मॅडम म्हणाल्या, "पाच वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन आली. आईबाप विटा थापतायत. आपण तीन वर्षांखालचं मूल घेत नाही. काय कराल?"

"बाळाला मी घेईन."

"अहो, मग सगळ्याच आणतील! शिकवणार कधी?"

"नाही घेतलं तर तीही येणार नाय, मॅडम."

"तिच्या आईला समजावता येईल."

"आईला कळतं. पण बाळाला ठेवणार कोणाजवळ?"

मॅडम जरा हसल्या. "हे पदविकेत शिकवतात?"

"नाय. लहानपणी आम्ही वैतरणेच्या भट्टीवर होतो. तिथल्या बालवाडीच्या बाई मला म्हणाल्या, भावाला झोपडीत ठेवून ये."

"मग?"

"ठेवला. त्याच्याजवळ मीपण राहिले."

मॅडमनी मान वर करून छताकडे पाहिलं.

"दीपाली, या वाशाला झोळ्या किती पेलतील?"