शाबासकीची चांदणी

आज धडा मोठ्या पडद्यावर उमटला नाही, तर त्या शिक्षिकेचा पाचवीचा वर्ग दुसऱ्या बाईंकडे जाणार होता. शिक्षकांच्या गटात संगणकाचा सराव करताना तिने आपल्या कीबोर्डवर, धडा पडद्यावर आणणाऱ्या बटणावर चांदणी चिकटवली होती, मुलांच्या वहीत शाबासकीसाठी लावतात तसली. गटातल्या धाकट्या बाई तेव्हा हसल्या होत्या, "अहो ताई, चांदणीशिवाय वाट सापडत नाही वाटतं?" पण शाळेने ऐनवेळी दुसराच कीबोर्ड जोडून ठेवला होता, कोरा करकरीत. समोर संगणकावरच्या छोट्या चौकटींतून इतर शाळांचे शिक्षक ऑनलाइन बघत होते. "बाई, करताय ना सुरू?" मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. तिने मनात देवाचं नाव घेतलं, पण बटण कोणतं ते आठवेना. तेवढ्यात एका चौकटीत धाकट्या बाईंनी आपला कीबोर्ड उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावरही चांदणी होती. तिने आपल्या कोऱ्या कीबोर्डवर तेच बटण दाबलं. धडा उमटला. धाकट्या बाईंच्या त्या चांदणीच्या कडा वापरून केव्हाच झिजल्या होत्या.