शिवलेले खिसे

गॅरेजवाला भाई शाळकरी पोरांच्या हातून पुड्या पोचवतो, असं कानावर आलं त्याच दिवशी तिने मशीनवर बसून थोरल्याच्या पँटचे सगळे खिसे शिवून टाकले. तो शाळेतून आला की ती दप्तर उलटं करायची, बुटात हात घालायची, कॉलरची शिवणसुद्धा चाचपायची.

"आई, मी चोर आहे का?"

"तुझ्यावर आहे रे, या गल्लीवर विश्वास नाही माझा."

आजही काही सापडलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

दुसरीतली धाकटी दप्तर पोटाशी धरून दारातच उभी होती.

"आई, माझं नाही बघत?"

"तुझं काय बघायचं, चिमणे?"

धाकटी खुदकन हसली. "गॅरेजवाले काकापण हेच म्हणाले. हिचं दप्तर कोण बघणार!"