रंग धरत नव्हता

तिसऱ्यांदा रंग फाटला, तेव्हा बापू मटकन खालीच बसले. बाकी सगळी गाडी कशी छान राखाडी झाली होती. फक्त ड्रायव्हरच्या दारावर, काचेच्या जरा खाली, टिकल्यांएवढी पाच-सहा भोकं पडली होती आणि त्यांतून जुना लाल रंग दिसत होता.

तो लालच तर घालवायचा होता. पोरगा जाऊन पाच महिने झाले, तरी दारात त्याची लाल गाडी दिसली की माई त्याच्या वाटणीचा चहा टाकायची आणि मग कप हातात धरून नुसती उभी राहायची. बापूंना ते बघवत नव्हतं. गाडी विकायचा धीर होईना, परक्या कारागिराच्या हाती द्यायचा त्याहून नाही. म्हणून या वयात त्यांनी स्वतः बाह्या सरसावल्या होत्या.

गॅरेजवाल्या मित्राने सांगितलं होतं, पत्रा तेलकट राहिला की रंग पळतो, थिनरने पुसून घ्या. बापू रोज पुसायचे, वाळू द्यायचे, जेवून आले की फवारायचे. आणि रंग नेमका तिथंच माघार घ्यायचा. भुताखेतांवर त्यांनी उभ्या जन्मात विश्वास ठेवला नव्हता, पण आता त्या दाराकडे पाठ करायची भीती वाटू लागली. पोराला हे पसंत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. काल तर ते दारालाच म्हणाले, नको असेल तर नको म्हण की रे.

चौथ्या दिवशी दार पुसून ते जेवायला निघाले आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्यातून परतले. माई गाडीपाशी उभी होती. नुकतंच केसांना तेल लावून आलेली, आणि तोच हात काचेखाली टेकवलेला.

बापूंचा जीव भांड्यात पडला. मग रागही आला.

"अगं, तुझ्या हाताचं तेल लागतंय ते. चार दिवस मी वेड्यासारखा घासतोय."

"निघताना काच खाली करून तो इथं हात ठेवायचा," माई म्हणाली. "येतो गं, म्हणायचा. तुम्ही रंगवा. माझी ना नाही. त्याआधी एकदा हात लावून घेते, एवढंच."

बापूंनी थिनरचं फडकं उचललं. मग फडकं टाकून त्यांनी हात पँटला पुसला.

"कुठे?" त्यांनी विचारलं. "नेमका कुठे ठेवायचा?"

माईने त्यांचं मनगट धरून हात दारावर नेला.

"थोडा मागे," ती म्हणाली. "हां. असा."