आज मी घरात न्हाय

“आज दुपारचं जेवण हुईपर्यंत मी घरात न्हाय असं समजायचं,” नागुबाईनं पोरींना बजावलं. “काय बी इचारायचं न्हाय. मी हाक मारली तरी ओ द्यायची न्हाय.”

अकरा वर्षांच्या अक्काताईनं मान डोलावली. पाच वर्षांच्या तानीला गंमत वाटली.

मिरजेहून कॅन्सरचं तिसरं इंजेक्शन घेऊन आल्याला नऊ दिवस झाले होते. डोक्यावर केस राहिले नव्हते. फोडणीच्या वासानं पोटात ढवळायचं. अजून तीन इंजेक्शनं बाकी होती, आणि आपल्यावाचून पोरींना चूल सांभाळता येते का, हे तिला जिवंतपणी बघायचं होतं. ती बाहेरच्या सोप्यातल्या खाटेवर वाकळ अंथरून पडली.

आतनं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा. एक भाकरी करपली. नागुबाईनं ओठ मिटून घेतले.

“सांडू नगंस गं, मी उठले तर बघ!” अक्काताई तानीवर ओरडली. हुबेहूब नागुबाईचा आवाज, आजाराआधीचा. तिला बरं वाटलं, आणि अंगावर काटाही आला.

घसा कोरडा पडला तशी तिनं हाक मारलीच. “तानी, पाणी दे गं.”

तानी दारात आली. आईला सोडून भिंतीकडं बघितलं आणि हसू दाबत आत पळाली.

एवढ्यात मालकाच्या यंत्रमागावरनं रवळू, तिचा नवरा, जेवायला आला. तो अंधारातच कामाला गेला होता. घरात काय ठरलंय ते त्याला ठाऊक नव्हतं. रोज तो उंबऱ्यातनंच विचारायचा, “खाल्ल्यालं पोटात राह्यलं का गं?” आज विचारलं नाही. खाटेवर वाकून त्यानं खुंटीला सदरा अडकवला. बाही तिच्या तोंडावरनं घासत गेली.

“अवं,” ती म्हणाली. तो आत निघून गेला.

भिंत धरत ती स्वयंपाकघराच्या दारात पोचली. तीन ताटं. तिघंही खाली मान घालून जेवत होते.

“बास झालं!” ती ओरडली. “हाय मी. हितं हाय!”

अक्काताई दचकून रडायलाच लागली. “तूच सांगिटलंतंस की, आई.”

रवळूचा घास हातातच राहिला. “कवा आलीस गं? मला वाटलं, शेजारी मनुबाईकडं गेलीस.”

“खाटंवर हुते की. माझ्या अंगावर वाकून तर सदरा अडकिवलासा.”

“खाटंवर कोण न्हवतं,” रवळू म्हणाला. “निस्ती वाकळ हुती.”

नागुबाईनं खाली बसून एक ताट वाढून घेतलं, आमटीत भाकरी कुस्करली. फोडणीचा वास नाकात गेला. तरी तिनं घास तोंडात घातला.

“माझ्याकडं बघा,” ती तिघांना म्हणाली. “मी जेवती तवर कुणी नजर काढू नगा.”