काढून टाकलेला आवाज

“अजून थोडं काढ,” प्रोफेसर म्हणाले. “पोरी अजून ऐकू येतायत.”

तिने आवाजाचा आणखी एक थर खाली ओढला. स्टुडिओत तिला सगळे गाळणी म्हणत. जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर, खोकले, खुर्च्यांची करकर ती अशी अलगद वेगळी करायची की गाण्याला ओरखडाही उठत नसे. आजची टेप एका गाजलेल्या बँडच्या, चौघा पोरांच्या, मैफिलीची होती. रॉक नुकतं कुठे जन्माला आलं होतं तेव्हाची. संध्याकाळी रेकॉर्ड छपाईला जायची होती आणि प्रोफेसरांना एका जागी बसवत नव्हतं. ते खिडकीपाशी जात, परत येत, चहाचा कप उचलत, न पिताच ठेवत. त्यांनी कधी कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. संगीतावर लिहीत, एवढंच. पण बोलणं असं की नाव चिकटलं ते चिकटलंच.

मागच्या सोफ्यावर गाळणीची आई बसली होती. ती त्या मैफिलीला गेली होती, शाळेत असताना. टेप कुठली हे कळल्यापासून तिने ऐकायला येण्याचा हट्टच धरला होता.

“काकू, रागावू नका,” प्रोफेसर म्हणाले, “पण या चौघांना लोक बॉय बँड म्हणतात ना, ते तुमच्यामुळे.”

“आमच्यामुळे?”

“तुमच्या किंकाळ्यांमुळे. बॉय बँड म्हणजे काय? गोंडस चेहरे निवडायचे, एकसारखे कोट शिवायचे, मुलींपुढे उभे करायचे. हे चौघे गाणी स्वतः लिहायचे, स्वतः वाजवायचे. किंकाळ्या बाजूला करा, की कुणालाही कळेल हे कोण होते. तेवढ्यासाठी तर ही रेकॉर्ड.”

“कोट यांचेही एकसारखेच होते,” आई म्हणाली. “आणि चेहऱ्यांना काय झालं होतं? डावीकडचा तर असा होता, की पुढे हिचे बाबा मला पसंत कसे पडले याचंच नवल वाटतं.”

प्रोफेसर हसले. गाळणी हसली नाही. त्या मैफिलीचं पुढे काय झालं ते तिला माहीत होतं. आजोबांनी आईचा गाण्याचा क्लास बंद केला. पोरांची तोंडं बघून किंचाळणाऱ्या मुलीला सूर हवेत कशाला, असं त्यांचं म्हणणं. आई पुन्हा गायली नाही. आम्ही नुसतं किंचाळत नव्हतो, असं ती कधीतरी म्हणायची आणि घरात सगळे मान डोलवायचे. गाळणीही डोलवायची.

“आमचा आवाज थोडा राहू दे ना गं,” आई म्हणाली.

“आई, तो कचरा आहे. गाण्यावर बसलेला.”

गाळणीला स्वतःचाच शब्द टोचला, पण हात कामात होते. तिने साफ केलेलं गाणं लावलं.

गाणं स्वच्छ वाजू लागलं. दुसऱ्या कडव्यात ड्रमवाला मागे पडला. गिटार पुढे निघून गेली. गाणारा मध्येच थबकला. क्षणभर चौघे चार वाटांनी गेले, आणि ध्रुपदाच्या पहिल्याच ठोक्याला पुन्हा बरोबर एकत्र आले.

“बघ,” प्रोफेसर म्हणाले. “त्या गोंगाटात यांना एकमेकांचं काहीच ऐकू येत नव्हतं. तरी कसे एका ठोक्यावर आले. हे बॉय बँडचं काम आहे का? याला प्रतिभा म्हणतात.”

गाळणीने ती जागा पुन्हा लावली. मग पुन्हा. तिला चैन पडेना. एकमेकांचं ऐकू न येणारी चार माणसं एकाच ठोक्यावर आपोआप येत नाहीत. त्यांना बाहेरून काहीतरी ऐकू यावंच लागतं.

“झालं ना? पाठवून दे,” प्रोफेसर म्हणाले.

“गाळ ऐकायचा राहिलाय.”

काढून टाकलेला आवाज शेवटी एकदा वेगळा लावून ऐकायचा, त्याच्याबरोबर गाण्याचं काही निघून गेलं नाही ना हे बघायचं, हा तिच्या कामाचा नियम होता. आज घाईत ती तो मोडणारच होती.

“त्यात काय ऐकणार? किंकाळ्याच असणार.”

तिने चौघांना पूर्ण बंद केलं आणि गाळ लावला.

आधी नुसता कल्लोळ आला. प्रोफेसरांनी तोंड वाकडं केलं. मग कान सरावले आणि कल्लोळाच्या आत शब्द कळायला लागले. मुली गात होत्या. शेकडो मुली, एका सुरात, प्रत्येक शब्द. किंचाळी मधूनमधून उठत होती, फेसासारखी. खाली गाणं अखंड चाललं होतं. दुसरं कडवं आलं. ड्रमवाला जिथे मागे पडला होता ती जागा आली. मुली तसूभर हलल्या नाहीत. त्यांनी कडवं संपवलं, श्वास घेतला आणि ध्रुपद उचललं.

गाळणीने चौघांना हळूच वर आणलं. ते त्या ध्रुपदात येऊन मिसळले.

प्रोफेसर खुर्चीत बसले.

मग ते मागे वळले. या वेळी त्यांच्या आवाजात वाद नव्हता, ते खरंच विचारत होते.

“काकू, मग हे चौघे कोण होते?”

आईचे डोळे मिटलेले होते. बोटं गुडघ्यावर ताल धरत होती.

“आमच्या साथीला होते,” ती म्हणाली.