दुसरं मत

सगुणाबाईचं पोट दुखायला लागलं, म्हणून तिचा नवरा कोंडिबा तिला उरवड्याहून शहराकडच्या एका नव्या हॉस्पिटलात घेऊन आला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "घाबरू नका, गोळ्यांनी बरं वाटेल," म्हणाले. मग त्यांनी तिचे रिपोर्ट कॉम्प्युटरमधल्या एआयला दाखवले. एआय म्हणालं, ताबडतोब ऑपरेशन.

"ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

कोंडिबा चक्रावला. "आत्ता तर गोळ्या म्हनला व्हता!"

"ते माझं मत होतं."

"मंग आता मत बदाललं व्हय?"

"छे! मत तेच आहे. पण एआयचं ऐकून चुकलो, तर ते चुकलं. स्वतःचं ऐकून चुकलो, तर मी चुकलो."

"आन बाई बरी झाली तर?"

"तर डॉक्टरांनी बरी केली."

तपासणीच्या खाटेवर पडलेली सगुणाबाई म्हणाली, "डॉक्टर, हितं तुमची आई असती, तर काय केलं असतं?"

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आईला या कॉम्प्युटरसमोर आणलंच नसतं."

सगुणाबाई उठून बसली. पदर सारखा करत म्हणाली, "मंग लेकरा, आईला गोळ्या लिवून दे."