मागची सीट

कंपनीने हे मॉडेल बंद केलंय, पार्ट मिळवताना नाकी नऊ येतील, अशी नवऱ्याची सकाळपासून कुरकुर चालली होती. ट्रायल घेताना गाडीचा मालक पुढे बसला, तिला नवऱ्याने मागे बसवलं. "खडखड येते का, कान देऊन ऐक." गाडी तर लोण्यासारखी धावली. परत आल्यावर दोघे पुरुष उतरले. तिला मात्र मागचं दार आतून उघडेना. पलीकडचंही नाही.

मालकाने हसत बाहेरून दार उघडलं. "चाइल्ड लॉक. काढायचं राहूनच गेलं."

"मुलं किती तुम्हाला?" तिने उतरत विचारलं.

"छे हो, मूलबाळ नाही. आम्ही दोघंच." त्याने वर आपल्या घराच्या खिडकीकडे पाहिलं. पडद्याआड कुणीतरी झटकन मागे सरकलं. "हिला भांडण झालं की सिग्नलला उतरून जायची खोड होती. मोडली."

नवरा आता 'चल, नको ही गाडी' म्हणेल, म्हणून ती थांबली. त्याने मागचं दार एकदा लावून पाहिलं, उघडून पाहिलं. मग मालकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पार्टचं नंतर बघू. हे लॉक कसं लावायचं, तेवढं दाखवा."